आतली कडी

मी काही लिहावे एवढी माझी योग्यता नाही. उतारवयात हे धाडस केल्याबद्दल वाचकांनी मला क्षमा करावी.

माझे पती सैन्यातून निवृत्त होऊन कुंडलला आले, ते दारूची सवय घेऊनच. पुढे साखर वाढली, पुरुषपण उणावले आणि त्याचा राग माझ्यावर निघू लागला. मिरजेच्या डॉक्टरांनी त्यांच्याकडच्या पुरुषांच्या गटात व्यायाम आणि समुपदेशन दोन्ही एकत्र सुचवले. व्यायामात हे सर्वांच्या पुढे असत. त्यानंतर सारे पुरुष गोल करून मनातले बोलायला बसत. एकदा बायकांनाही बोलावले होते. "घरी कसं चाललंय?" असे डॉक्टरांनी विचारताच हे म्हणाले, "माझ्यात काय दोष न्हाई. हीच लय थंड हाय. मास्तरीण न्हवं का, घरात बी वर्गच भरवती!"

"आमच्यात बी तेच हाय गड्या!" शेजारचा म्हणाला, आणि सगळे हसले.

त्या दिवसापासून मी सासरी गेलेल्या मुलीच्या रिकाम्या खोलीत, आतून कडी लावून झोपते.

आता यांची दारू सुटली आहे, साखर आटोक्यात आहे. डॉक्टर मला म्हणतात, "बाई, ते बरे झालेत, आता तुम्ही सहकार्य करा." मला या बरे होण्याचा आनंद वाटत नाही, उलट चीड येते. दाराबाहेर हे रोज म्हणतात, "अगं, उघड की. मी आता चांगला झालोय." त्या दिवसाबद्दल मात्र एक शब्दही बोलत नाहीत.

मी ती कडी काढावी, असे तुम्हाला वाटते का?