रिकाम्या व्हाइसवरची टकटक

हे बायकोलाही ठाऊक नाही. दुकानात रोज चहाला येऊन बसणाऱ्या मंडळींना तर नाहीच नाही. तुम्हाला सांगतोय, कारण कुठेतरी एकदा तोंडातून बाहेर पडायला हवं — आणि तुम्ही माझं गिऱ्हाईक नाही. असलात तरी आता काय फरक पडतो?

पण आधी एक सांगू द्या. माझा हात चांगला आहे. ही फुशारकी आहे, मान्य. पण खोटी नाही. नागपूरच्या मनीषनगरात माझं शस्त्रदुरुस्तीचं दुकान आहे, रीतसर परवान्याचं, आणि पिस्तुलाची साइट बसवून घ्यायला माझ्याकडे चंद्रपूर-अमरावतीहून लोक येतात. साइट म्हणजे पिस्तुलाच्या पाठीवरच्या दोन खुणा, एक पुढची, एक मागची. डोळ्यासमोर दोन्ही जुळल्या की गोळी जिथे पाहिजे तिथे जाते. मागची केसभर डावीकडे असली, तर कागदावरची छिद्रं चांगली बोटभर डावीकडे पडतात, आणि नेमबाज बिचारा स्वतःच्या मनगटाला दोष देत बसतो. त्याला सरावाची गरज नसते. माझी गरज असते.

हत्यारं निवडण्यात मी फार खडूस माणूस आहे. साइट ठोकून सरकवायचा पंच पितळेचाच हवा — पितळ मऊ, घाव त्याच्या अंगावर उमटतो, पिस्तुलाच्या नाही. लोखंडी पंच घेऊन कोणी पिस्तुलाजवळ आला, तर मी त्याला दुकानातून उठवतो. व्हाइसच्या, म्हणजे वस्तू आवळून धरायच्या शिकंज्याच्या, जबड्यांना चामडं लावलेलं. पेचकस स्क्रूच्या खाचेत पुरता बसेल असा, मी स्वतः घासून केलेला. आणि हातोडा हलका, कारण जोर हातोड्यात नसतो. माझा बाप उमरेडचा, हातमागावरचा विणकर. पॉवरलूमचं नाव काढलं की माणूस ताटावरून उठायचा. हात म्हणजे काय, ते मी त्याच्याजवळ बसून शिकलो. हे सगळं खरं आहे बरं का. एक अक्षर वाढवून सांगत नाही.

मग कबुली कसली? येतो. मुद्द्यावर येतो.

दिवाकर माझा दोस्त. आम्ही आयटीआयला एका बाकावर होतो. त्याला दुकान नव्हतं. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये धातू कातायचा एक जुना लेथ होता, आणि इथल्या एका शूटिंग क्लबच्या हत्यारांची देखभाल तो क्लबच्याच खोलीत बसून करायचा. घर त्यावरच चालायचं. तेव्हा क्लबची थोडी कामं माझ्याकडेही यायची, पण मुख्य माणूस तो.

त्या काळात एका निवृत्त साहेबांच्या पिस्तुलावर माझा पंच घसरला. एवढासा ओरखडा. पॉलिश करून, काळं चढवून मी तो झाकला, साहेबांना कळलंही नाही. पण मला कळलं होतं ना. नंतर हातोडा उचलला की मनगटात कापरं भरायचं. माझ्या मनगटात — कल्पना करा. हे मी फक्त दिवाकरला सांगितलं. तो हसला नाही. त्याने साइट सरकवायचा एक छोटा प्रेस स्वतः बनवला होता. पिस्तूल त्यात आवळायचं आणि बाजूचा स्क्रू फिरवायचा, साइट केसाकेसाने सरकते. ठोकणं नाही, घसरणं नाही. तो त्याने माझ्या हातात ठेवला. "ठेव गा तुह्याजवळ. मले दुसरा बनवता येते," एवढंच म्हणाला.

त्या दिवसापासून मी एकही साइट हाताने सरकवलेली नाही.

पण नाव तर हाताचं झालं होतं! गिऱ्हाईक यायचं ते हात पाहायला. मग मी काय करायचो, सांगू? काउंटरवर पितळी पंच आणि हातोडा ऐटीत मांडायचो, "बारीक काम आहे, शांतता लागते" म्हणून ते उचलून आतल्या खोलीत जायचो, दार लावायचो. प्रेसचा स्क्रू फिरवायचो. आणि मध्येमध्ये बाहेर ऐकू जावं म्हणून रिकाम्या व्हाइसवर हातोड्याने टकटक करायचो. बाहेर बसलेले लोक माना डोलवायचे. हसू येतं ना? मलाही यायचं. ती टकटकही मी छान करायचो, उगाच कशाला खोटं बोलू.

एवढ्यावर थांबलं असतं, तर मी हे सांगत बसलो नसतो.

क्लबच्या कमिटीने ठरवलं की सगळ्या हत्यारांचं काम आता एकाच माणसाकडे द्यायचं. आम्हा दोघांना बोलावलं. साइट कशी बसवता, असं विचारलं. दिवाकरने पिशवीतून त्याचा प्रेस काढला आणि टेबलावर ठेवला, सरळ, उजेडात. कसा चालतो ते दाखवलं. त्याला लपवायचं काय कारण? मग माझी पाळी आली. आणि मी — अजूनही ते शब्द जिभेवर येतात — मी हसून म्हणालो, "हे तर मशीनचं काम झालं साहेब. स्क्रू काय, कोणीही फिरवते. पिस्तुलाले हात लागते."

सगळे हसले. एक साहेब तर टाळी देण्यासाठी पुढे झुकले. दिवाकरने माझ्याकडे पाहिलं. त्याने फक्त एक वाक्य बोलायचं होतं — याच्याजवळही आहे, मीच दिला. मी वाटच पाहत होतो त्या वाक्याची. त्याने प्रेस पिशवीत घातला, नमस्कार केला आणि गेला.

काम मला मिळालं. क्लबमध्ये लोक त्याला मशीनवाला म्हणायला लागले, तेही मीच सुरू केलं की आपोआप झालं? मीच केलं. त्याने लेथ विकला आणि कळमेश्वरच्या एमआयडीसीत एका कारखान्यात ऑपरेटर म्हणून लागला. लेथवरच, पण दुसऱ्याच्या. माझी भरभराट झाली. क्लबने शाल दिली, नारळ दिला. भाषणात माझ्या हाताबद्दल बोलले, आणि मी मान खाली घालून ऐकलं. लोकांना तो विनय वाटला.

दिवाकर दुकानात आला ते अगदी अलीकडे. त्यानंतर मी कळमेश्वरला गेलेलो नाही, फोनही केलेला नाही, हे आत्ताच सांगून टाकतो, म्हणजे पुढे काही चांगलं घडेल अशी आशा तुम्ही धरणार नाही.

सकाळची वेळ होती. स्पर्धेची तयारी करणारी एक मुलगी आणि तिचे वडील काउंटरपाशी उभे होते. तिची गोळी उजवीकडे जात होती, साइट सरकवायची होती. बाकावर नेहमीची चहाची मंडळी. दिवाकर आत आला. कारखान्याचा निळा शर्ट, केस पार पांढरे. चेहरा मात्र हसरा, जसं काही आम्ही कालच भेटलो होतो. खिशातून त्याने कागदाची पुडी काढून काउंटरवर ठेवली.

"त्या प्रेसचा स्क्रू आता घासला असन गा," तो म्हणाला. "इतकी वर्षं झाली. सुटीच्या दिवशी नवा कातला तुह्यासाठी."

मंडळी माझ्याकडे पाहायला लागली. मुलीचे वडील पाहायला लागले. आता तरी? आता तर वय झालं होतं, नाव झालं होतं, कोणी काय हिसकावून घेणार होतं माझ्याकडून?

"कोणता प्रेस, भाऊ?" मी म्हणालो. "इथं हाताचं काम चालते. तुम्हाले दुसऱ्या दुकानात जायचं होतं काय?"

तुम्ही म्हणालो. ज्याच्या डब्यातलं मी दोन वर्षं खाल्लं, त्याला भाऊ म्हणालो, तुम्ही म्हणालो. क्लबमधलं बोलणं लालसेपोटी होतं, ते समजू शकतो. हे कशापोटी होतं? मला माझ्या नावाचा इतका अभिमान होता की त्यापुढे हा माणूस मला ओळखीचाही चालत नव्हता. दुसरं कारण मी पुष्कळ शोधलं. सापडलं नाही.

त्याचं हसू क्षणभर तसंच राहिलं. "हो," तो म्हणाला, "मीच चुकलो असन." आणि पायऱ्या उतरून गेला. पुडी काउंटरवरच राहिली. विसरला नव्हता, ठेवून गेला होता.

मी मंडळींकडे पाहून खांदे उडवले. मग पिस्तूल आणि पुडी घेऊन आत गेलो, दार लावलं. प्रेसचा जुना स्क्रू खरंच घासला होता. कितीतरी दिवस तो घसरत होता आणि मी त्याला शिव्या देत होतो. नवा लावला. आटे असे बसले की कुठे कानस टेकवावी लागली नाही. मुलीची साइट त्यावरच केसभर डावीकडे घेतली.

संध्याकाळी रेंजवरून बापलेक परत आले. मुलीचे सगळे नेम मधोमध लागले होते. वडिलांनी माझा हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाले, "असा हात अख्ख्या नागपुरात नाही."

मी म्हणालो, "नाहीच."