चकचक मावशी आणि दोन भाऊ

इस्पितळाच्या धोबीखान्यात तिने उभी हयात काढली. रक्ताचे, औषधांचे, मरणाचे डाग तिने काढले. तिच्या हातची चादर कधी डाग घेऊन वॉर्डात परतली नाही. बरोबरीच्या बायका तिला चकचक मावशी म्हणायच्या. आधी चेष्टेने, मग कौतुकाने, आणि निवृत्तीच्या दिवशी गळ्यात पडून. काय तो रुबाब होता तिचा.

घरात मात्र त्याच हातांनी घात केला. सुनेने लावलेले डबे ती पुन्हा घासून आपल्या जागी लावी, सुनेने धुतलेले कपडे पुन्हा धुई. "आई, माझा हात लागल्याची एक तरी खूण राहू द्या या घरात," सून एकदा म्हणाली. मावशीने उत्तरादाखल ओटा पुसला. वर्षाच्या आत मुलाने वेगळं बिऱ्हाड केलं.

आणि आता तोच मुलगा दारात उभा होता, हातात पिंजरा घेऊन. आत दोन गिनीपिग, दोन्ही नर, सख्खे भाऊ. भुऱ्या आणि ठिपक्या.

"महिनाभर बाहेरगावी चाललोय. सांभाळशील? हे नीट राहिले तर सुट्टीत पोरीलाही ठेवू तुझ्याकडे. हीच म्हणाली."

सून म्हणाली म्हटल्यावर मावशीने पिंजरा पोटाशीच धरला.

तो गेल्या गेल्या तिने पिंजरा फिनेलने धुतला. घटकाभरात भुऱ्या खर्जात घुरघुर लावून, कंबर हलवत ठिपक्याभोवती फिरू लागला. जुन्या नाटकातला खलनायक रंगमंचावर यायचा ना, अगदी तसा. ठिपक्यानेही मान ताठ केली. घाणीपायीच भांडत असतील, म्हणून तिने दुसऱ्या दिवशी पुन्हा पिंजरा धुतला. भांडण वाढलं.

शेवटी तिने चौकातला पाळीव प्राण्यांचा दुकानदार गाठला.

"वाट्या दोन, पाण्याच्या बाटल्या दोन, लपायला खोकी दोन," तो म्हणाला. "खोक्याला दोन दारं ठेवा, म्हणजे कुणी कोंडीत सापडत नाही. नुसतं घुरघुरणं, अंगावर चढणं चालू दे. थोरला कोण ते त्यांचं त्यांना ठरवू दे. दात वाजवायला लागले तर मध्ये टॉवेल टाका, हात घालू नका. रक्त निघालं तर मात्र संपलं, मग वेगळेच ठेवायचे. आणि मावशी, ते धुणं आवरा."

"का?"

"थोरला कोण ते त्यांना वासावरून कळतं. तुम्ही रोज वास पुसता, ते रोज पहिल्यापासून भांडतात. ओलं, खराब झालेलं काढा, पण कालचं मूठभर गवत आत राहू दे."

"घाण गवत?"

"तुम्हाला घाण. त्यांना घर."

तिने डोळे मिटून ती मूठ आत ठेवली, आणि खरंच तंटा मिटला. भुऱ्या थोरला ठरला, ठिपक्या मुकाट बाजूला सरकू लागला. दुपारी दोघं अंगाला अंग लावून पेंगत. मावशीने शेजारणीला बोलावून दाखवलं. नातीसाठी गादीला उन्हं दिली.

परतीच्या दिवशी मुलाचा फोन आला. "येतोय. हीपण आहे बरोबर."

वेगळी झाल्यापासून सून पहिल्यांदाच हा उंबरा चढणार होती. मावशीने पिंजऱ्याकडे पाहिलं. पिवळट गवत, उग्र वास. हे दिसणार तिला? म्हणेल, आता सासूबाईंकडून होत नाही. मावशीने बाह्या वर केल्या. पिंजरा, वाट्या, खोकी, सगळं घासलं, गवत झाडून नवं घातलं. दोघा भावांनाही साबण लावून अंघोळ घातली, पुसून कोरडं केलं आणि शेजारी शेजारी ठेवलं.

दात वाजले. टॉवेल दोरीवर वाळत होता. तिने हातच घातला. तिचं बोट फुटलं, ठिपक्याचा कान फाटला.

मुलगा आणि नात दारात चपला काढेपर्यंत सून आली ती थेट पिंजऱ्याशी. ठिपक्याला रुमालात घेऊन तिने वास घेतला.

"कधी धुतलंत हे, आई?"

"आत्ताच. तू येणार म्हणून."

"हं," सून म्हणाली. ती चिडली असती तरी बरं झालं असतं.

"आता हे एकत्र नाही राहणार?" नातीने विचारलं.

"नाही गं," मुलगा म्हणाला.

"आणि मी? सुट्टीत?"

"बघू," म्हणत त्याने दोघांना दोन खोक्यांत घातलं. पिंजरा तिथेच राहिला.

पावलं जिन्यावरून उतरून गेली. फरशीवर रक्ताचा एक थेंब होता. मावशीने गार पाण्याचं फडकं घेतलं. रक्ताला गरम पाणी चालत नाही, हे तिला कुणी शिकवायला नको होतं. डाग निघाला. मग तिने पिंजरा पुन्हा धुतला, दारात नातीची चप्पल उमटली होती ती फरशीही पुसली. दिवस मावळेपर्यंत घरात कुणी येऊन गेल्याची एकही खूण उरली नव्हती.