आमच्या घराला गोटा चालत नाही

माझ्या मुलाला कुणी ‘मामावर गेलाय’ म्हटलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. म्हणणाऱ्याचा काही दोष नसतो. भाच्यानं मामावर जावं, ही आपल्याकडे कौतुकाचीच गोष्ट. पण माझा मुलगा खरोखरच मामावर गेलाय. तेच रुंद खांदे, तीच आखूड जाड मान, आणि जड काही दिसलं की उचलून बघायची तीच खोड. हिंगोलीला आमच्या घरी हळदीचा भरला कट्टा आला की हा त्या पोत्याला मिठी मारून उभा. सासूबाई हसतात. मी त्याला ओढून बाजूला करते आणि मग दिवसभर कुणाशी धड बोलत नाही.

मामा म्हणजे माझा धाकटा भाऊ. आम्ही दोघंच. माझं लग्न झालं तेव्हा तो चड्डीत नाक पुसत फिरणारा पोरगा होता.

माहेर आखाडा बाळापूरपासून जवळच. गावात मारुतीच्या पारापुढे एक काळा, गुळगुळीत गोटा आहे. हनुमान जयंतीच्या जत्रेत गावची पोरं तो उचलतात. कुणी मांडीपर्यंत आणतो, कुणी छातीपर्यंत, आणि खांद्यावरून मागं टाकील त्याला पंच फेटा बांधतात. आमच्या घराकडे मान असा, की आधी गोट्यावर नारळ फोडायचा तो आम्ही. उचलायचा मात्र नाही. माझे आजोबा जवान होते तेव्हा त्यांनी गोटा खांद्यावरून टाकला, फेटा बांधून घ्यायला खाली बसले आणि बसल्या जागी गेले. पुढे थोरल्या चुलत्यांनी हट्टानं उचलला. ते त्याच वर्षी पेरणीत तिफणीमागं पडले ते उठलेच नाहीत. तेव्हापासून कुणाच्या घराला एखादी भाजी चालत नाही, तसं आमच्याकडे म्हणायचं, आमच्या घराला गोटा चालत न्हाई. कुणी त्यावर वाद घातला नाही. देवाला आवडत नाही म्हटल्यावर संपलंच.

भाऊ अकरावीला कळमनुरीला जायला लागला आणि तिथं जिममध्ये घुसला. एका दुकानावरचा लांबट हॉल, एका भिंतीला आरसेच आरसे, आणि नांदेडहून आलेला एक कोच. कोच हिंदीत बोलायचा. त्यानं पहिल्याच महिन्यात भावाच्या पाठीवर थाप मारून सांगितलं, “तेरा जेनेटिक्स एक नंबर है. लोग तरसते हैं ऐसी बॉडी के लिए.” घरी येऊन भावानं हे जेवताना सांगितलं. तेव्हा मी माहेरीच होते.

“ते काय असतंय?” अण्णांनी विचारलं. वडिलांना आम्ही अण्णा म्हणतो.

“बेणं हो, अण्णा. हळदीचं बेणं चांगलं असलं की गड्डा मोठा येतो न्हाई का? तसं.”

“मंग बेणं कुणाचं हाय?” अण्णा म्हणाले आणि मिशीवरून हात फिरवला. आम्ही सगळे पोट धरून हसलो. माय म्हणाली, बेणं घराचं असलं तरी खत माझ्या भाकरीचं हाय. आजही तो दिवस आठवला की मला त्या हसण्याचाच राग येतो.

पोरगं बघता बघता भरलं. सदऱ्याच्या बाह्या दंडात अडकायला लागल्या. जो तो म्हणे, काय बॉडी काढली! अण्णांना चहाच्या टपरीवर लोक उठून जागा द्यायला लागले. पोराच्या अंगावर बापाची ऐट, असा सगळा मामला. मीसुद्धा हिंगोलीत शेजारणींना मोबाइलवर त्याचे फोटो दाखवत होते. खोटं कशाला बोलू?

मग दिवाळी आली. भाऊबीजेला सकाळी मी त्याला तेल लावायला घेतलं. लहानपणापासून लावत आले, त्यामुळे त्याची पाठ मला तोंडपाठ. त्यानं बनियन काढायला खळखळ केली तेव्हाच मला शंका यायला हवी होती. काढलं आणि मी हात मागं घेतला. पाठभर लाल पुळ्या. काही पिकलेल्या, काहींचे काळे वण. खांद्याच्या मागं सुईच्या टोचण्या, आणि एके ठिकाणी लिंबाएवढी गाठ.

“हे काय रे?”

“घामोळ्या हायत, अक्का.”

“दिवाळीत घामोळ्या?”

त्यानं असा काही झटका दिला की तेलाची वाटी अंगणात जाऊन पडली. डोळे लाल, मानेची शीर उडतेय. माझा हात त्याच्या छातीवर होता आणि आतली धडधड मला कोपरापर्यंत जाणवली. नुसता पाटावर बसलेल्या माणसाचं काळीज असं कशाला पळेल? मला त्याची भीती वाटली. ज्याला मी कडेवर घेऊन वाढवलं, त्याची. थोड्या वेळानं तो स्वतःच वाटी उचलून घेऊन आला आणि मान खाली घालून म्हणाला, “लाव, अक्का. चुकलं माझं.”

मग सगळं बाहेर आलं. कोच इंजेक्शनं देत होता. त्याला ते ‘कोर्स’ म्हणायचे. गोठ्यातल्या देवळीतून त्यानं एक छोटी बाटली आणून दाखवली. वर परदेशी अक्षरं, लेबल वाकडं चिकटवलेलं, किंमतही छापलेली नाही. वाढतं वय. मिसरूडसुद्धा नीट फुटलेलं नव्हतं, आणि आवाज मात्र चाळिशीतल्या माणसासारखा घोगरा झालेला.

“सगळेच घेऊन राहिलेत, अक्का. टॉनिक हाय निस्तं.”

मी अण्णांकडे गेले. वाटलं, आता अण्णा बाटली फोडतील. त्यांना आधीच माहीत होतं.

“हळदीला आपण टॉनिक मारतोच की,” ते म्हणाले. “पिकाला चालतंय, मंग पोराला काहून भ्यायचं?”

“हळद आपण उपटून इकतो, अण्णा. ह्याला बी उपटायचं हाय का?”

हे माझ्या तोंडून असं गेलं. सणाच्या दिवशी भलतं बोलले म्हणून माय रडायला लागली. अण्णांचा चेहरा उतरला आणि मग तापला. “तू दिल्या घरची हाईस. दोन दिवस आलीस, गोडधोड खा, नीट ऱ्हा. आमच्या घरातलं आमी बघून घेतो.”

मायनं मात्र पोराचा हात धरून शपथ घातली. सुयांबद्दल नाही. “काय बी घे बाबा, पण त्या गोट्याला हात लावू नको. आपल्या घराला चालत न्हाई.”

त्यानं शपथ घेतली. पण गावात चारचौघं टोचून बोलत होते. एवढी बॉडी काय आरशात बघायला काढली का? हनुमान जयंतीला मीही माहेरी होते. जिममधली कळमनुरीची पोरं जत्रेला आली होती, मोबाइल वर धरून उभी होती. चैत्रातलं ऊन. अण्णांनी नारळ फोडला आणि मागं सरायच्या आत भाऊ पुढं झाला. मायनं पदर तोंडात घातला. हलगी वाजत होती, तीसुद्धा थांबली. त्यानं गोटा मांडीवर घेतला, छातीला लावला, खांद्यावर चढवला आणि मागं टाकला.

काहीच झालं नाही.

तो उभाच होता. फेटा बांधला तरी उभा होता. सगळं गाव ओरडत होतं. अण्णा ढसाढसा रडले. त्यांच्या बापाचं आणि भावाचं जे अडकून राहिलं होतं ते पोरानं मोकळं केलं, असं ते येईल त्याला सांगत होते. पुढच्या वर्षीपासून नारळ दुसऱ्या घरानं फोडावा, आमचं घर उचलणार, असं त्यांनी पंचांना तिथंच जाहीर केलं. आणि मीही मोकळा श्वास घेतला. टळलं एकदाचं, असं मला मनापासून वाटलं. मी त्याला ओवाळलं तेव्हा तो फेट्याखालून हसला. “अक्का, जरा बसू दे,” म्हणाला. ओठ निळसर दिसले. मला वाटलं, गुलालाखाली दिसतात तसे.

भीती गेली आणि धरबंदही गेला. आता नांदेडची स्पर्धा ठरली. आणखी कोर्स, आणखी बाटल्या. मायही आता बोलायची नाही, कारण ज्याला ती भीत होती ते तर होऊन गेलं होतं. फोनवर तो मला सांगायचा की उताणं झोपलं की दम लागतो, जिना चढताना डोळ्यांपुढं अंधारी येते. कोच म्हणायचा, बॉडी बन रही है, डर मत. मी म्हणायची, डॉक्टरला दाखव. तो म्हणायचा, स्पर्धा होऊ दे.

स्पर्धा व्हायच्या आधीच एका साध्या दुपारी तो कळमनुरीला रसवंतीवर उसाचा रस पीत होता. दोघं मित्र सोबत. कुणीतरी काहीतरी विनोद केला, हा हसला आणि हसता हसता बाकावरून कलंडला. त्यांना वाटलं, नाटक करून राहिला.

नांदेडच्या दवाखान्यात तो दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत होता. मग नव्हता. एवढंच लिहिता येतं मला त्याबद्दल.

डॉक्टरांनी आम्हाला आत बोलावून घेतलं. त्याच्या काळजाची भिंत तो मोठा होईल तशी जाड होत गेलेली होती, म्हणाले. हे रक्तातून येतं. वेळेवर कळलं असतं, जड कामं टाळली असती, गोळ्या घेतल्या असत्या, तर तो बरीच वर्षं जगू शकला असता. त्यावर कोवळ्या वयात ही इंजेक्शनं. काळीज म्हणजेही मांसच, तेही दंडासारखंच फुगलं. “घरात असं कुणी अचानक गेलंय का?”

अण्णांनी आजोबांचं सांगितलं, चुलत्यांचं सांगितलं. गोट्याचंही सांगितलं. डॉक्टर हसले नाहीत. लिहून घेत राहिले.

“आणखी कुणी?”

“न्हाई. आमच्या घरात मंग कुणीच न्हाई.”

तेव्हा मला आत्याचा मुलगा आठवला. पोलीस भरतीच्या तयारीसाठी पळताना मैदानावरच गेला होता. सगळे म्हणाले, ऊन लागलं. मी तसं बोलून दाखवलं.

“त्यो कुठं आपल्या घरचा?” अण्णा म्हणाले. “बहिणीचं पोरगं त्ये. आडनाव येगळं, देव येगळा. त्यान्ला गोटा चालतो.”

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. “काका, या आजाराला आडनाव कळत नाही. लेकीकडूनही तो तसाच पुढं जातो.” मग ते माझ्याकडे वळले. “तुम्ही यांच्या कोण?”

“लेक.”

“मुलंबाळं?”

“एक मुलगा,” मी म्हणाले. त्याच्या बारशाला मीच सगळ्यांना दाखवत होते, खांदे बघा, अगदी मामासारखे.

माझी तपासणी झाली. माझ्याही काळजाची भिंत जाड आहे. बायकांच्या नशिबी गोटा उचलणं नसतं म्हणून इतकी वर्षं कुणाला पत्ता नाही. रोज सकाळी गोळी घेते. मुलाला तपासणीच्या अंधाऱ्या खोलीत डाव्या कुशीवर निजवलं आणि पडद्यावर त्याचं काळीज उघडझाप करताना बघितलं. डॉक्टर म्हणाले, आज काही दिसत नाही. पण अंगात असलं तर वाढत्या वयात दिसतं, दरवर्षी घेऊन या. दरवर्षी नेते. आज नाही, एवढंच ऐकून परत येते. त्या कोचच्या जिमवर आता नवी पाटी आहे आणि जिन्यावर पोरांच्या चपला तितक्याच.

यंदाच्या जत्रेला आम्ही गेलो. नारळ पुन्हा अण्णांच्याच हातात होता. पंचांनी दिला आणि त्यांनी घेतला. मी मायजवळ उभी होते. मुलाचं बोट माझ्या हातात होतं, ते कधी सुटलं मला कळलं नाही. बघते तर तो पारापुढे. गोट्याला दोन्ही हातांनी कवळ घालून, गाल लावून, सगळ्या जिवानिशी ओढून राहिला होता.

लोक हसले. “मामावर गेलंय पोरगं!” मी धावले तर शेजारच्या म्हातारीनं मायेनंच माझा दंड धरला. “उचलू दे गं बाई. त्येला चालतंय की. त्यो कुठं तुमच्या घरचा?”

अण्णांच्या हातातला नारळ तसाच खाली पडला, न फुटता घरंगळत गेला. त्यांनी वाकून पोराला गोट्यापासून सोडवलं, उचलून छातीशी घट्ट धरलं.

“आमच्याच घरचा हाय त्यो,” ते म्हणाले.

दिल्या घरची झाल्यापासून हे ऐकायला माझे कान आसुसले होते. मुलानं आजोबांच्या खांद्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, “आई, मग मला पण चालत नाही?”

मी मान हलवली. “तुलाही चालत नाही,” म्हणाले.