वीस पावले मागे

देव प्रत्येकाच्या हाती एक किल्ली देतो, आणि तिचे कुलूप मात्र दूरच्या गावी नेऊन ठेवतो. समुद्रकाठच्या नवापूर गावातल्या जमनाच्या हाती त्याने जाळ्याची गाठ दिली आणि कुलूप ठेवले मुंबईच्या एका थंडगार सभागृहात. मधली चोवीस वर्षे ती किल्ली पदराला बांधून ती वावरली. ही किल्ली आहे, हे तिलाही ठाऊक नव्हते.

तिचा बाप दादू. होडी त्याची लहान, पण जाळे विणण्यात किनाऱ्यावर त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. नवे जाळे झाले की तो ते लगेच पाण्यात टाकत नसे. दोन बांबूंच्या मध्ये ते उभे पसरायचे, त्याच्याकडे तोंड करून वीस पावले मागे मागे जायचे, आणि मग पाहायचे. दहा वर्षांची जमना बापाबरोबर मागे चाले, वाळूत पडे, पुन्हा उठे.

"बाबा, जवलून तं चांगलं दिसते."

"जवलून समदंच चांगलं दिसते, पोरी. लांब जा, तवा जालं बोलते."

आणि खरोखर ते बोले. जाळ्याच्या दर दोन घरांच्या, म्हणजे भोकांच्या, मधोमध खालचे घर लोंबे, त्याच्या मधोमध त्याच्याही खालचे. कोठे एक ओळ वाकडी गेली असेल, तर विसाव्या पावलावर ती काट्यासारखी डोळ्यांत रुते. दादू ती ओळ उसवी, पुन्हा विणी, आणि मगच नारळ फोडी. त्याची पूजा नारळापासून सुरू होत नव्हती. मागे टाकलेल्या पहिल्या पावलापासून सुरू होत होती.

पुढे गावाजवळ बोईसरच्या माळावर कारखाने उभे राहिले. १९७८ साली, एकविसाव्या वर्षी, सातवी शिकलेली जमना चादरींवर छपाई करणाऱ्या एका मिलमध्ये लागली. काम होते नक्षी उतरवण्याचे. चित्रातला एकेक रंग वेगळा करून पारदर्शक फिल्मवर काळ्या शाईने रेखायचा. त्या फिल्मवरून छपाईची चौकट तयार होई. एकच फूल, एकच वेल. पण ती लांबच लांब कापडावर अशी जोडली गेली पाहिजे, की जोड दिसता कामा नये. त्या खोलीत सहा बाया बसत. माना खाली, कुंचले हातात, आणि श्वास असा धरलेला, जणू नामस्मरण चालले आहे.

पहिल्याच वर्षी जमनाच्या हातून चूक झाली. तिने फुलाखाली फूल बरोबर मापाने ठेवले, जवळून तपासले आणि पुढे दिले. चादर पलंगावर अंथरली तेव्हा उभे पट्टे उठले, जसे गजांच्या खिडकीतून बागेकडे पाहावे. त्या दिवशी ती रडली नाही. घरी गेली, बापाचे जुने जाळे वळचणीला टांगले आणि मागे मागे चालत गेली. दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक नक्षीत ती खालचे फूल वरच्या दोहोंच्या मधोमध उतरवू लागली, आणि छापलेला पहिला नमुना भिंतीवर टांगून उलट्या पावलांनी दाराबाहेर अंगणापर्यंत जाऊ लागली.

"निघाली बघा!" शेजारची मंजुळा ओरडे. "अगं, नवरा पुढच्या दाराशी हाय, मागं काय शोधतेस?"

सगळ्या हसत. जमनाही हसे, पण एक पाऊल कमी टाकीत नसे. तेरा वर्षांत तिच्या नक्षीवर पुन्हा पट्टा पडला नाही.

१९९१ साली मालकांच्या मनात संगणक आला. पाठारे साहेब मिलचे व्यवस्थापक, माणूस वाईट नव्हता, पण मालक आणि कामगार यांच्या मधोमध उभा राहून त्याची पाठ वाकली होती. ते खोलीत आले आणि म्हणाले, "मुंबईत 'तंत्र आणि कल्पकता' अशी मोठी परिषद आहे. ते यंत्र तिथे चालवून दाखवणार आहेत. जमना, तू माझ्याबरोबर चल. स्वतःच्या डोळ्यांनी पाहा आणि या सगळ्यांना तुमच्या भाषेत समजावून सांग."

काय समजावायचे, ते सहाही जणींना समजले. यंत्र आले की खोली बंद. जमनाने एकदा मान डोलावली, की बाकीच्या पाच जणी मुकाट हिशेब घेऊन घरी जातील, हे साहेबांना माहीत होते. म्हणून तर तिलाच न्यायचे होते.

मंजुळा दारापर्यंत पोचवायला आली. "जा गं. पन मान सांभालून हालव. तुजी मान हालली का आमच्या पाच चुली हालल्या."

कंपनीची जीप वाटेत मनोरला चहासाठी थांबली. साहेबांनी बशीत चहा ओतता ओतता हळूच सांगितले, "तिथे बोलायचे नाही हं. मोठी माणसे असतात."

"मोठी म्हंजे कवढी, सायेब? गलबताएवढी?"

साहेबांना ठसका लागला.

सभागृहाच्या दारात त्यांनी तिच्या पदरावर एक चिठ्ठी टाचली. वर इंग्रजीत नाव होते, पण ते न आलेल्या दुय्यम व्यवस्थापकाचे. त्याच्या जागी हिला आणली होती. आत अंधार, पुढे पांढराशुभ्र पडदा, मागे दारापर्यंत मोकळी जागा, आणि खुर्च्या इतक्या मऊ, की माणसाला आपोआप कबूल व्हावेसे वाटावे. कोटातल्या वक्त्याने बोटाने एक कळ दाबली. पडद्यावर एक कमळ उमलले. दुसरी कळ, कमळाची दहा कमळे झाली, दहाची शंभर. पाहता पाहता अख्खे कापड भरून गेले.

"सहा माणसांचे आठ दिवसांचे काम," वक्ता आधी इंग्रजीत आणि मग हिंदीत म्हणाला, "आठ मिनिटांत!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. आणि जमना? तिला राग आला नाही. तिचे हात नकळत जुळले. रूप देखणे असेल, तर ते कोणाच्या घरून आले हे भक्त विचारीत नाही. ते कमळ सुंदर होते. आता मान डोलावली असती, तर ती खोटी ठरली नसती.

पण पाय! पायांना बापाची शपथ होती. ती उठली. पडद्याकडे तोंड, पाठ दाराकडे, आणि खुर्च्यांच्या मधल्या वाटेने एक पाऊल मागे. दोन. तीन.

"जमना! बस खाली!" साहेब दात आवळून कुजबुजले.

सात. आठ. कोणाच्या तरी पायावर टाच पडली. "माफ करा" म्हणून ती पुढचे पाऊल मागे गेली. लोकांना वाटले, बाई घाबरून निघाली. कोणी हसले. पंधरा. सोळा. विसाव्या पावलाला तिची पाठ दाराला टेकली, आणि जाळे बोलले.

"पट्टा पडलाय!"

नवापूरच्या किनाऱ्यावरून बोटीला हाक मारावी, तसा तो आवाज होता.

"कौन है? क्या बोल रही हैं?" वक्त्याने विचारले. मग कोणीतरी पुढे होऊन तिच्या चिठ्ठीवरचे नाव वाचले. "मिस्टर..." तो अडखळला.

जमनाने चिठ्ठी उपटून मुठीत चुरगाळली. "ते दुसऱ्याचं नाव हाय. माजं नाव जमना. पट्टा पडलाय, इथून बगा."

साहेबांची मान खाली गेली होती. पण तेरा वर्षे ज्या डोळ्यांवर विसंबून त्यांनी लाखो चादरी सोडल्या, ते डोळे खोटे बोलणार नाहीत, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक? ते उभे राहिले आणि तिचे म्हणणे इंग्रजीत सांगू लागले.

वक्ता हसला. तो पडद्याचा दोष असावा, म्हणाला.

"पडदा नाय, फुलं!" जमना म्हणाली. "एकाखाली एक उभी केलीत, रांगेत, पोलिसांवानी. खालचं फूल अर्धं घर सरकवा." दोन्ही हातांची बोटे एकमेकांत गुंतवून तिने जाळे करून दाखवले.

मागच्या रांगेतले दोघे-तिघे वळून पाहू लागले. मग आणखी काही जण उठून दारापाशी आले. आणि जे आले, त्यांना ते उभे गज दिसले.

वक्त्याने कळफलक चाचपला, जाड पुस्तक उघडले, सहकाऱ्याला विचारले. अखेर एक कळ सापडली. पडद्यावरची कमळे थरथरली, एकाआड एक ओळ अर्धे घर सरकली, आणि पट्टे पाण्यात मीठ विरावे तसे विरून गेले.

पुन्हा टाळ्या झाल्या. जमनाने त्या ऐकल्या नाहीत. तिला एकच गोष्ट लख्ख दिसत होती: कळ आधीपासून यंत्रातच होती. तिच्या बापाचे जाळे त्या पेटीच्या पोटात निजले होते. त्याला उठवायचे कोणाला सुचले नव्हते, कारण टाळ्या वाजवणारे सगळे जवळ बसले होते.

परतताना मनोरला पुन्हा चहा झाला. या वेळी साहेबांनीच विषय काढला. "मग? बायकांना काय सांगशील?"

"सांगेन, यंत्र लई चांगलं हाय."

साहेबांनी सुटकेचा श्वास टाकला.

"आनि सांगेन, त्याच्यापुढची खुर्ची आपली हाय."

"अगं, तुम्हाला इंग्रजी कुठे येते?"

"त्याला तरी जालं कुठं येत होतं?"

"मुंबईहून शिकलेला माणूस आणायचे ठरले आहे. मालक ऐकणार नाहीत."

"मग माजी मान बी हालनार नाय."

ती हलली नाही. दुसऱ्या दिवसापासून सहाही जणी वेळेवर आल्या, आपापल्या जागी बसल्या, आणि कुंचल्याला कोणी हात लावला नाही. घोषणा नाही, शिव्या नाहीत. मांडीवर हात आणि समोर कोरी फिल्म. तिसऱ्या दिवशी मालक स्वतः आले. पाठारे साहेब त्यांच्या शेजारी उभे होते. वाकलेली पाठ त्या दिवशी थोडी सरळ झाली. सभागृहात काय घडले, ते त्यांनी जसेच्या तसे सांगितले, स्वतःची मान खाली गेली होती तेसुद्धा.

दिवाळीनंतर यंत्र आले, ते त्याच खोलीत आले. शिकायला दोन महिन्यांची मुदत मिळाली. पुठ्ठ्यावर कळांची चित्रे काढून बायांनी ती घोकली, जशी आरती घोकावी. दोघी जणी डोळ्यांच्या त्रासाने मागे राहिल्या आणि काम सोडून गेल्या. ते दुःख जमनाने कधी लपवले नाही. चौघी टिकल्या. मंजुळा तर कळा अशा बडवू लागली, की साहेब म्हणत, "हळू गं, बोंबील नाहीत ते!"

नव्याने येणाऱ्याला जमना पहिल्या दिवशी कळफलकाला हात लावू देत नसे. दिवसभर चालायला लावी: पडद्यापासून अंगणापर्यंत, उलट्या पावलांनी. "हे परिषदेत शिकले," ती सांगे. बाप तर परिषदेच्या पंधरा वर्षे आधीच गेला होता. पण ज्या दिवशी तो खरा समजला, त्या दिवसाचे नाव परिषद होते.

१९९९ साली नवे यंत्र घेऊन एक अभियंता आला. जोड स्वतः शोधणारे, चूक स्वतः दुरुस्त करणारे यंत्र. जमना जागेवरून उठली, तसा तो अदबीने म्हणाला, "बाई, आता मागे जायची गरज नाही. हे स्वतःच पाहते."

"बगू दे की त्याला," ती म्हणाली. तिचे पहिले पाऊल मागे पडलेही होते. उंबरा ओलांडून, विसाव्या पावलावर, उन्हात ती थांबली आणि तिथून त्याला हाक मारली.

"इकडं ये, बाबा. हितं उभा ऱ्हा. आता सांग."