न कापलेली सीट

अक्काचा फोन आला तेव्हा मी चौसाळ्यात पिठाच्या गिरणीसमोर रांगेत उभा होतो. गिरणीच्या आवाजात ती काय बोलतेय ते नीट कळेना. "नाना, ये," एवढं ऐकू आलं. मी ओरडून विचारलं, "दाजींना दवाखान्यात न्यायचंय का?" पलीकडून ती अगदी सावकाश म्हणाली, "न्हाई रं. आता कुठंच न्यायचं न्हाई." त्यानंतर गिरणी थांबली, की मलाच तिचा आवाज येईनासा झाला, हे मला अजून सांगता येत नाही. एरवी मी हिशेबी माणूस. वजनकाट्यावर नोकरी केलेली, किलोमागे ग्रॅम सोडायचे नाहीत ही सवय. पण त्या दुपारचं काहीच मापात बसत नाही. चौसाळ्याहून नेकनूरला मी कसा पोचलो, वाटेत कोण भेटलं, काही आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की अंगणात लिंबाच्या सावलीत अँबॅसिडर उभी होती आणि तिच्या पांढऱ्या टपावर लिंबोळ्या पडल्या होत्या.

रामभाऊ म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, आमचे दाजी. जेवून पडवीत आडवे झाले ते उठले नाहीत. हृदयाचं दुखणं होतंच. आता महिना उलटून गेला.

दाजींनी उभी हयात बीड-केज रस्त्यावर वडाप जीप चालवली. त्या जीपमध्ये कुणी कुठं बसायचं हे कुणी लिहून ठेवलेलं नव्हतं, पण सगळ्यांना पाठ होतं. ड्रायव्हरशेजारी मास्तर, तलाठी, पांढऱ्या टोपीतले पुढारी. मधल्या सीटवर बायका आणि त्यांच्या मांडीवरची पोरं. मागं उरलेले सगळे, आणि टपावर सामान. अक्का कधी माहेरी यायला निघाली तर तीही मधल्या सीटवरच, दाराकडच्या कोपऱ्यात. नवऱ्याची गाडी म्हणून पुढं बसावं हे तिच्या मनातही आलं नसेल. पुढची जागा गिऱ्हाइकाची. लग्नात वरात बैलगाडीतून निघाली होती, तेवढाच काय तो त्यांचा शेजारी बसून केलेला प्रवास.

पुढं जीपचा पत्रा सडला. पाय ठेवायच्या जागेतून खालचा रस्ता पळताना दिसायचा. धंदा बंद केला तरी दाजींनी जीप भंगारात दिली नाही, कारण इंजिन ठणठणीत होतं. त्याच सुमाराला जवळच्या एका बागायतदाराच्या शेडमध्ये त्यांना ही अँबॅसिडर दिसली. कडब्याच्या गंजीआड वर्षानुवर्षं उभी. पेट्रोलचं इंजिन पार जाम झालेलं, पण बॉडीला गंज नाही, आणि पुढची सीट... मोठ्या कोचासारखी, या दारापासून त्या दारापर्यंत सलग. दाजी तिच्यावर बसले ते बराच वेळ उठेनात. मला वाटलं, दम लागला असेल. ते समोरच्या काचेवरची धूळ हातानं पुसत नुसते बाहेर बघत होते. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, शेडची भिंत होती.

जीपचं डिझेल इंजिन या गाडीत बसवायचं, असा बेत ठरला. नेकनूरचे मिस्त्री, सगळे त्यांना उस्ताद म्हणतात, त्यांनी अंगणातच तीन खांब उभारून चेन लावली. जुनं इंजिन वर उचललं गेलं आणि बोनेटखाली एक रिकामी खोली तयार झाली. त्या खोलीत पुढं बरेच दिवस ऊन यायचं, लिंबाची पानं यायची, एकदा तर कोंबडी अंडं घालून गेली. दाजी सकाळचा चहा घेऊन तिथं उभे राहायचे, विहिरीत बघावं तसे आत बघत.

उस्तादांचं म्हणणं सरळ होतं. इंजिन आणि त्याचा गिअरबॉक्स दोन्ही जीपचेच घ्या, लवकर मोकळे व्हाल. फक्त जीपचा गिअरचा दांडा खालून, फरशीतून वर येतो. त्यासाठी सीट मधोमध कापावी लागेल. अँबॅसिडरचा गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर, म्हणून तर ती सीट सलग. दाजी म्हणाले, गिअरबॉक्स गाडीचाच ठेवायचा. मग जीपचं इंजिन आणि मोटारीचा गिअरबॉक्स जोडायला मधे पोलादी प्लेट हवी, दोन्हींकडची भोकं जुळणारी. "रामभाऊ, कायकू जान खाते?" उस्ताद वैतागले. "दोन सीटा करून देतो, मस्त कव्हर घालून. सायेब लोक तसंच बसत्यात आता."

"सायेबांची गाडी न्हाई ही," दाजी म्हणाले.

मापं घ्यायचं काम माझ्याकडे आलं. नवं इंजिन जुन्यापेक्षा वीतभर लांब, म्हणून रेडिएटर पुढं सरकवावा लागला. उंचीला मात्र बोनेट आणि एअर फिल्टर यांच्यामधून बोट जाईल एवढी फट उरत होती, आणि ती मोजून मला फार बरं वाटलं होतं. उस्ताद मला टेपवाले म्हणू लागले. "ओ टेपवाले, मिशी पण मोजून कापता काय?"

प्लेटसाठी साचा काढला तो अक्काच्या साडीच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर. पुठ्ठा इंजिनच्या तोंडावर दाबला, तेलकट ठसे उमटले, भोकं पाडली. केजच्या लेथवाल्याकडे तो पोचेपर्यंत तेल इतकं झिरपलं, की पुढची बाजू कुठली आणि मागची कुठली हे ओळखू येईना. त्यानं उलट बाजूनं आखलं. प्लेट सुंदर झाली, घासूनपुसून चकचकीत, आणि एकही भोक जुळेना; पालटून लावावी तर बोल्टांच्या डोक्यांसाठी पाडलेल्या खाचा भलत्या बाजूला. आरशातल्या माणसाशी हात मिळवायला जावं तसं... उजव्याचं सगळं डावीकडे. आम्ही तिघंही त्या प्लेटकडे बघत बसलो. आधी उस्ताद हसले, मग दाजी, आणि हसता हसता दाजींना धाप लागली. त्या आठवड्यात बीडच्या डॉक्टरांनी त्यांना स्पष्ट सांगितलं, जड उचलायचं नाही, उन्हात राबायचं नाही.

आम्ही बीडहून घरी आलो तेव्हा उस्ताद करवत घेऊन गाडीत शिरले. "बास झालं आता. तब्येत बघा तुमची. कापतो सीट, चार दिवसांत गाडी रस्त्यावर." दाजी दार धरून उभे राहिले.

"मधे दांडा आला तर तुमची वैनी माझ्याजवळ बसंल कुठं?"

"माघं बसतील की."

"माघंच तर बसली आजवर."

उस्तादांनी करवत खाली ठेवली. चुलीपाशी अक्का भाकरी थापत होती, तिचा थपथप आवाज येत होता. तिला हे ऐकू गेलं नव्हतं. मला तेव्हा पहिल्यांदा समजलं, की आम्ही इतके दिवस गाडी नव्हे, बसायची एक जागा दुरुस्त करत होतो.

दुसरा साचा आम्ही पत्र्यावर काढला. इंजिनकडची बाजू कुठली ते खिळ्यानं कोरून ठेवलं, आणि केजला मी स्वतः तो मांडीवर घेऊन गेलो. ही प्लेट बसली. बोल्ट एकेक करून आत जाताना दाजी बाजेवर पडून नुसतं ऐकत होते. इंजिनचा नंबर आरसी बुकावर चढवायची धावपळ मी केली. पाडव्याच्या सकाळी उस्तादांनी किल्ली फिरवली. आधी नुसती घरघर, मग खोकला, काळ्या धुराचा एक गोळा, आणि मग तो आवाज. जीपचाच. अक्का घरातून हात पुसत बाहेर आली. गाडीकडे न बघता तिनं रस्त्याकडे बघितलं. जीप लांबून येत असावी, असंच तिला क्षणभर वाटलं असणार...

पूजा झाली. चाकांखाली लिंबं ठेवली, नारळ फुटला. दाजींनी धुतलेला सदरा घातला होता. ते वळसा घालून डाव्या बाजूला गेले, पुढचं दार उघडलं आणि ते धरून उभे राहिले. अक्कानं आरतीचं ताट माझ्या हातात दिलं, पदर सावरला, आणि ओट्यावर काठी घेऊन बसलेल्या थोरल्या दिरांकडे बघून म्हणाली, "भावजींना बसवा म्होरं." दार उघडलंय ते थोरल्यांसाठीच, याबद्दल तिच्या मनात शंकाच नव्हती. भावजी खूश होऊन उठले आणि काठीसकट पुढं जाऊन बसले. अक्कानं मागचं दार स्वतः उघडलं आणि कोपऱ्यात बसली. दाजींनी भावाच्या बाजूचं दार हलकेच लावलं.

केजच्या रस्त्याला गाडी लागली, मी मागं अक्काशेजारी. शेतांतली पिकं निघून गेलेली, लांबपर्यंत पिवळी धसकटं, त्यावर कोवळं ऊन. खिडकीतून वारा येत होता आणि गाडी चालतेय की रस्ताच मागं वाहतोय, असं वाटत होतं. भावजी जुन्या गोष्टी सांगत होते. दाजी मधल्या आरशात बघायचे, पुन्हा रस्त्याकडे. अखेर मागून अक्का म्हणाली, "आरशात नका बघू वं. म्होरं बघा."

नंतर मी दाजींना म्हटलं, सांगून टाका तिला. ते म्हणाले, "तूच सांग की बे. मला लाज वाटती." मी हसलो. म्हटलं, हे तुमचं तुम्हीच सांगायचं. त्यांनी ठरवलं होतं, एखाद्या दिवशी दोघंच निघायचं. पण गावात गाडी रिकामी निघत नाही. कुणाला बीडच्या दवाखान्यात जायचं असायचं, कुणाला केजच्या तहसिलात. पुढं कुणीतरी बाप्या बसायचा आणि अक्का आपल्या कोपऱ्यात. दाजी म्हणायचे, पुढच्या खेपेला... आणि त्यांना घाई नसायची. गाडी तर आता चालू होती.

तेराव्यानंतर उस्ताद अक्काला भेटायला आले. बसले, पाणी प्यायले, आणि जाता जाता गाडीपाशी थांबून म्हणाले, "वैनी, ही सीट तुमच्यासाठी कापू दिली न्हाई त्यांनी. हितून दांडा येणार हुता बगा," आणि सीटच्या मधोमध बोट ठेवून दाखवलं. अक्का ऐकत राहिली. उस्ताद गेल्यावर तिनं गाडीचा टप झाडला आणि आत गेली.

बॅटरी उतरू नये म्हणून हल्ली मी रविवारी जाऊन गाडी चालू करतो. गेल्या रविवारी इंजिन लागलं आणि अक्का बाहेर आली. ओट्यावर भावजी बसलेले होते. त्यांच्यासमोरून ती सरळ आली, पुढचं डावं दार उघडलं आणि बसली. मी म्हटलं, "कुठं जायचं अक्का?"

"तू उतर."

"बंद करू का?"

"न्हाई. चालू राहू दे. तू उतर फकस्त."

मी हँडब्रेक तपासला, उतरलो, दार लावलं. भावजी काठी टेकत उठले आणि घरात निघून गेले. गाडी जागेवरच थरथरत होती. अक्का समोरच्या काचेतून रस्त्याकडे बघत होती. डोक्यावरचा पदर खांद्यावर आला होता, तो तिनं वर घेतला नाही. तिच्या उजव्या बाजूची जागा रिकामी होती, आणि उस्तादांनी जिथं बोट ठेवलं होतं तिथं, सीटच्या मधोमध, तिनं हात टेकवून ठेवला होता.