खिळ्याएवढी फट

आमच्याकडे सुताराचं काम फटीवरून तोलतात. अमरावतीच्या बाजारात कपाट बघायला गेलेली बाई आधी दार लावून बघते, आणि दोन पल्ल्यांमध्ये उजेडाची रेघ दिसली की नाक मुरडून पुढच्या दुकानात जाते. मीही त्यातलीच. फट म्हणजे हयगय, फट म्हणजे कामचुकारपणा, हे मी आईकडून शिकले आणि खरं की खोटं ते कधी तपासलं नाही. त्यात मला राग लवकर येतो. हे कौतुकानं सांगत नाही. मी शाळेतल्या मुलांचे विज्ञानाचे क्लास घेते, आणि ती मुलं माझ्या पाठीमागे मला काय म्हणतात ते मला ठाऊक आहे. ते इथे लिहिण्यासारखं नाही.

चिखलदऱ्याला घर घेण्याचा हट्ट बाबांचा. सगळी नोकरी त्यांनी घाटात बस चालवण्यात काढली होती. आई गेल्यावर म्हणाले, "मले आता खाली करमत नाई." सत्तरी ओलांडलेला माणूस, गुडघे कुरकुरतात, आणि राहायचं कुठे, तर जिथे डिसेंबरच्या काही सकाळी गवतावरचं दव गोठून पांढरं पडतं. मी भांडले, दोन महिने बोलले नाही, शेवटी घराच्या कागदांवर सही करायला मीच सोबत गेले. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात, आणि आमच्याकडे ती दोन पिढ्यांना सारखीच वाटून आली आहे.

घर उतारावर होतं. पुढच्या बाजूला मोठी झाडं, त्यामुळे खोल्यांत ऊन म्हणून येत नसे. हिवाळ्यात फरशी पायाला चावायची. ऊन पडायचं ते मागे, दरीच्या बाजूला, आणि नेमकी तिथे जमीन नव्हती. बाबा मागचं दार उघडून उंबऱ्यात खुर्ची टाकायचे आणि गुडघ्यांपर्यंत जेवढं ऊन मिळेल तेवढं घ्यायचे. ते बघून मला त्या घराचाच संताप यायचा. म्हणून मागच्या दाराला लागून खांबांवर लाकडी डेक बांधायचं ठरलं. बाबा त्याला मचाण म्हणत.

काम अमरावतीच्या एका मिस्त्रींना दिलं. आमच्या घरचं पहिलं शोकेस त्यांच्या वडिलांनी केलं होतं. सगळे त्यांना चाचा म्हणायचे, मीही म्हणायचे. ते आठवडाभर वर राहून काम करत होते. शनिवारी क्लास संपवून मी पोचले तेव्हा अर्ध्या फळ्या ठोकून झाल्या होत्या, आणि प्रत्येक दोन फळ्यांमध्ये फट होती. चाचा दोन फळ्यांमध्ये चार इंची खिळा उभा धरायचे, फळी त्याला टेकवून ठोकायचे आणि खिळा काढून पुढे सरकायचे. म्हणजे फट चुकून राहिली नव्हती. मोजून ठेवली होती!

"चाचा, हे काय आहे? खालची माती दिसते आहे."

"फट ठेवलीये मॅडम. लाकडाले जागा लागते. बारिशमंदी फुगते, थंडीत आटते. अन् पानी बी खाली निघून जाते."

"आणि बाबांची काठी अडकली तर?"

"नाई अडकत. काठीचं रबर जाड हाय, म्या पाह्यलं ना."

माणसानं काठीचं रबरसुद्धा बघून ठेवलं होतं. तिथे मी थांबायला हवं होतं. पण मला दिसत होती ती फट, आणि येणारे-जाणारे काय म्हणतील ते. मी आवाज चढवला. एवढं सागवान आणलं ते असं विरळ ठोकायला का, तुमच्या वडिलांच्या कामात सुई जात नव्हती, असं बरंच काही बोलले. वडिलांचं नाव काढायला नको होतं. चाचांनी हातातला खिळा खाली ठेवला.

"मंग काय करू?"

"लांबी भरा. एकही फट दिसायला नको."

"तुमचं घर, तुमचा हुकूम," ते म्हणाले, आणि उरलेल्या फळ्या ठोकून झाल्यावर त्यांनी डिंकात कालवलेला लाकडाचा भुसा लांबी म्हणून प्रत्येक फटीत दाबून भरला. वर पॉलिश झाल्यावर डेक असा गुळगुळीत दिसायला लागला की शेजारच्या बंगल्यातले लोक बघायला आले. बाबा दारात उभे होते.

पुढची चार वर्षं बाबांनी ते ऊन मनसोक्त घेतलं. सकाळी नऊला कानटोपी, मफलर आणि चहाचा ग्लास घेऊन बाहेर, ते जेवायच्या वेळेपर्यंत. फोनवर विचारलं की सांगायचे, "मस्त शेकून राहिलो." दर पावसाळ्यानंतर लांबीला तडे जायचे, एखादी फळी कमान करायची. दिवाळीच्या सुट्टीत मी स्वतः मांडी घालून बसायचे आणि तडे बुजवून पॉलिश मारायचे. चाचांचं कच्चं काम मला निस्तरावं लागतं म्हणून त्यांच्या नावानं पुटपुटायचे.

चौथ्या हिवाळ्यात, सकाळची बॅच चालू असताना, बाबांकडे स्वयंपाकाला येणाऱ्या बाईंचा फोन आला. त्या फक्त रडत होत्या. फळी मोडून बाबांचा उजवा पाय मांडीपर्यंत खाली गेला होता, आणि ते तसेच, एक पाय हवेत लोंबकळत, लोक येईपर्यंत अडकून होते. खुब्याचं हाड मोडलं होतं. मी वर पोचले, आणि ज्या घाटात त्यांनी आयुष्यभर गाडी चालवली, त्या घाटातून त्यांना आडवं झोपवून खाली आणलं. प्रत्येक वळणाला ते ओरडत होते. ते ओरडणं मला अजून ऐकू येतं, आणि अजून डोकं फिरतं.

ऑपरेशन झालं त्याच दुपारी मी चाचांच्या दुकानात गेले. रंधा मशीन चालू होतं, दोन गिऱ्हाइकं उभी होती. चाचांनी मशीन बंद केलं. त्यांना कुणीतरी आधीच सांगितलं होतं. "मॅडम, बाबा कसे हायत?" त्यांनी विचारलं.

"कोणत्या तोंडानं विचारता?" मी म्हटलं, आणि मग सुटले. सडकं लाकूड लावलंत, म्हाताऱ्या माणसाच्या जिवाशी खेळलात, पोलिसांत जाईन. गल्लीतली दारं उघडली. चाचांच्या बायकोनं पदर तोंडावर घेतला. ते सगळं ऐकून घेऊन चाचा एवढंच म्हणाले, "उद्या येतो. पाह्यतो काय झालं थे."

आले. सोबत मीही होते, कारण पुरावा लपवतील अशी मला शंका होती. त्यांनी सब्बल, म्हणजे पहार, घालून फळ्या एकेक करून उचलल्या. खालचे वासे वरच्या अंगानं काळे पडले होते, आणि बोट लावलं की चहात बुडवलेल्या टोस्टसारखे सुटत होते. खालच्या अंगानं तेच वासे ठणठणीत होते. चाचांनी खिळ्याच्या टोकानं एका फटीतली लांबी उकरली आणि तो ओला लगदा माझ्या हातावर ठेवला. महिनाभर पाऊस नव्हता, तरी तो ओला होता.

"पानी वरून आलं मॅडम," ते म्हणाले. "तड्यातून आत गेलं. त्याले बाहेर निघाची वाट नाई भेटली."

लांबी कुणी भरायला लावली, हे ते बोलले नाहीत. बोलले असते तर मी भांडले तरी असते.

सातवीच्या मुलांना दर वर्षी मी एक प्रश्न घालते: रेल्वेच्या रुळांमध्ये फट का ठेवतात? उत्तर लिहिताना ज्याची गडबड होते त्याला उभं करते. रूळ तापून वाढतो आणि लाकूड पाणी पिऊन, फरक एवढाच, पण जागा दोघांनाही लागते. मी हे पंचवीस वर्षं शिकवते आहे. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. मला माझा राग आला, असं इथे लिहिलं तर शोभेल, पण खरं सांगायचं तर आधी मला चाचांचाच राग आला. कळत होतं तर माझं ऐकलं का? हत्यारं उचलून निघून का नाही गेले? दोन-तीन दिवस मी हाच राग चघळला. मग तोही पुरेना, आणि मी त्यांच्या दुकानात जाऊन, गिऱ्हाइकं असतानाच, माफी मागितली. ते ओशाळले. म्हणाले, "जाऊ द्या मॅडम, बाबा चांगले झाले पायजे बस."

नवा डेक त्यांनीच बांधला. खांब मातीत न गाडता सिमेंटच्या ओट्यांवर, लोखंडी बुटात बसवले, म्हणजे लाकूड जमिनीला लागत नाही. वासे नवे घेतले. प्रत्येक दोन फळ्यांमध्ये चार इंची खिळा ठेवून फट सोडली. मी शेजारी बसून त्यांना एकेक खिळा देत होते आणि तोंडातून अवाक्षर काढत नव्हते.

पुढच्या हिवाळ्यात बाबा वॉकर घेऊन वर परतले. डॉक्टर म्हणाले होते, चालवा, उन्हात बसवा. दार उघडलं, ऊन उंबऱ्याला लागलं होतं, आणि बाबा आतच खुर्चीत बसून राहिले. पहिल्या दिवशी, दुसऱ्या दिवशी, आठवडाभर. आतल्या गार खोलीत, कानटोपी घालून, पायांवर दोन रजया. मी सुट्टी टाकून राहिले होते. समजावलं. डेकवर जाऊन उड्या मारून दाखवल्या. चाचांना फोन लावून दिला, त्यांनीही सांगितलं की हत्ती उभा केला तरी हलणार नाही.

"मले भेव लागते," बाबा म्हणायचे, आणि दाराकडे पाठ करायचे.

आठव्या दिवशी मी त्यांच्यासमोर पाटावर बसले आणि म्हटलं, "बाबा, जुना डेक सडला होता, ते कुणाला माहीत नव्हतं. हा नवा आहे. आता कशाची भीती?"

त्यांनी गुडघा चोळला. मग म्हणाले, "मले मालूम होतं."

"काय मालूम होतं?"

"फळी नरम झाली होती. दिवाळीपासून. दारापासून तिसरी. पाय ठेवला का ब्रेक दबते तशी दबे. पायाले समजते ना. मी तिले टाळून जात होतो. थ्या दिवशी ध्यानात नाई राह्यलं."

दिवाळीत मी तिथेच होते. त्याच फळीवर बसून तडे बुजवले होते. "आणि मला सांगितलं नाही?"

"सांगनार होतो. पन तू चिडून राहिली होती, मिस्त्रीले शिव्या देऊन राहिली होती. म्हनलं, उगीच त्या गरीब मानसाले बोलशील. मंग म्हनलं, मलेच बोलशील."

"अहो, पण सांगायचं ना!" मी ओरडले. पाटावरून उठलेच. "जिवावर बेतलं होतं, बाबा! एक शब्द, एक शब्द तोंडातून काढता येत नव्हता तुम्हाला?"

त्यांनी खांदे आत घेतले. ज्यानं घाटात कधी कुणाला वाट सोडली नाही तो माणूस खुर्चीत अंग चोरून बसला, आणि हात पुढे करून मला म्हणाला, "पाह्य. हेच. ह्याच आवाजाच्या भेवानं नाई सांगतलं."

त्या हिवाळ्यात बाबा उन्हात आले नाहीत. मीही पुन्हा आग्रह केला नाही.