परबकाकांचं औषध

रोज सकाळी दात घासायच्या आधी परबकाका गाडीच्या नाकाखाली पसरलेला कालचा पेपर ओढून काढत आणि त्यावरचे हिरवे डाग चष्मा लावून वाचत. बातम्या नंतर. "आज चारच थेंब!" गॅलरीत उभ्या असलेल्या मला ते खालून ओरडून सांगत, "औषध लागू पडला!"

काका आमच्या डिलाईल रोडच्या चाळीत तळमजल्यावर राहायचे. कारकुनीतून निवृत्त झाल्यावर त्यांनी जुनी गाडी घेतली आणि तिच्यातलं कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, गळायला लागलं. दुसरा माणूस गॅरेजमध्ये गेला असता. काकांनी गळती आतून बुजवणारी बाटली आणून रेडिएटरमध्ये ओतली. "उघडूक नको! एकदा उघडला की वाढता," हे त्यांचं तत्त्व. चाळीचे सेक्रेटरी असताना त्यांनी गच्चीवरही वर्षानुवर्षं डांबरच ओतलं. आम्ही खाली बादल्या लावून झोपायचो.

बाटलीवर 'एकदाच वापरा' लिहिलं होतं. काकांनी तीन ओतल्या. मग कुणा टॅक्सीवाल्याने हळद सुचवली आणि काकूंचा डबा रिकामा झाला. कोपऱ्यावरचा मेकॅनिक सलीम आत डोकावून म्हणाला, "काका, रस्सा तयार आहे, आता फक्त बांगडे सोडा. पाइप तरी बघू द्या, दोन मिनिटं." काकांनी बॉनेट त्याच्या बोटांवर आदळायचंच बाकी ठेवलं.

थेंब थांबले, हे मात्र खरं. कोरडा पेपर काकांनी चाळभर फिरवला आणि जाहीर केलं, की एकुलती एक मुलगी स्वाती लग्नाच्या हॉलवर ह्याच गाडीतून जाणार. "माझा चेडू भाड्याच्या गाडयेत बसाचा नाय."

लग्नाच्या सकाळी हार घातलेली गाडी परळच्या सिग्नलला पोचली आणि बॉनेटमधून वाफा निघाल्या. गळती बुजली होती. तिच्याबरोबर रेडिएटरही बुजला होता. मी स्वातीला आणि काकूंना टॅक्सीत बसवलं.

"बाबा, चला ना," स्वाती रडकुंडीला आली होती.

"तू फुडे हो गो. धा मिनटात येतंय. औषध काम करता."

गाडी निवली, सुरू झाली, पुन्हा उकळली. असं तीनदा. शेवटी मी त्यांना दंडाला धरून टॅक्सीत कोंबलं. दादरला पोचलो तेव्हा पहिली पंगत बसली होती. कन्यादान मामाने केलं होतं. स्वाती रागावली नाही. तिने पदराने काकांच्या सदऱ्यावरचे हळदीचे शिंतोडे पुसले. मी मात्र इतका चिडलो होतो, की जिलबीला हात लावला नाही.

चार दिवसांनी सलीमने गाडी उघडली. रेडिएटर भंगारात गेला. मूळ गळती एका पाइपवरची पट्टी सैल झाल्यामुळे होती. स्क्रू आवळायचा होता, बस्स.

"एवढाच होता?" काकांनी विचारलं. एरवी थट्टा करणाऱ्या सलीमने नुसती पट्टी त्यांच्या हातात ठेवली. ती पट्टी काका बराच वेळ तळहातावर घेऊन बसले होते.

चाळीच्या दारात त्यांनी मला थांबवलं. माझा राग केव्हाच गेला होता.

"स्वातीक सांगू नको हां," ते म्हणाले. "तिका वाटांदे, इंजिनच गेलेला."